बातमी खरी, तरीही कललेली: वृत्तपत्राच्या भाषेतलं राजकारण कसं ओळखायचं

निवडणूक तोंडावर आली, आंदोलन पेटलं किंवा एखादा कायदा वादात सापडला की एक अनुभव हमखास येतो. एकाच घटनेची बातमी दोन वृत्तपत्रांत वाचली, तर दोन वेगळ्या घटनांबद्दल वाचल्यासारखं वाटतं. तपशील ताडून पाहावेत, तर ठिकाण तेच, आकडे तेच, वेळही तीच. खोटं म्हणावं असं काही सापडत नाही. मग वाचक वैतागून "सगळे विकले गेलेत" म्हणतो आणि पान उलटतो.

वैताग रास्त आहे, पण त्यातून हाती काही लागत नाही. बातमीतला कल बहुतेक वेळा ठरलेल्या जागी असतो: क्रियापदात, विशेषणात, कोणाचं म्हणणं आधी आलं त्यात, फोटो कुठे कापला त्यात. या जागा माहीत असल्या की कलावर बोट ठेवता येतं. आणि शोधूनही बोट ठेवता येत नसेल, तर आरोप मागे घेता येतो. या दोन्ही गोष्टी जमायला हव्यात.

## कल म्हणजे काय, आणि काय नाही

अग्रलेखात किंवा स्तंभात लेखकाने बाजू घेतली, तर तो कल म्हणून मोजायचा नाही. मत मांडण्यासाठीच ती जागा असते. खोटी बातमी हा वेगळाच गुन्हा आहे. तिथे तपशीलच चुकीचे असतात. इथे आपण पाहतोय ती गोष्ट बातमीच्या पानावरची आहे: एका बाजूला जी वागणूक मिळते ती दुसऱ्या बाजूला तशाच परिस्थितीत मिळत नाही, आणि हे वारंवार, एकाच दिशेने घडतं. "तशाच परिस्थितीत" आणि "वारंवार" या दोन अटी सोडल्या, तर कोणतंही वृत्तपत्र कोणत्याही दिवशी दोषी ठरवता येईल.

एक पारिभाषिक शब्द मात्र लागणार आहे: फ्रेम. घटनेचा कोणता भाग दाखवायचा आणि कोणता बाहेर ठेवायचा, ही निवड म्हणजे फ्रेम. अमेरिकी माध्यम-अभ्यासक रॉबर्ट एंटमन यांनी 1993 मध्ये तिची चार कामं सांगितली. समस्या काय आहे, ती कशामुळे आली, चूक कोणाची, आणि उपाय काय. दोन शीर्षकं पाहा:

"बससंपामुळे प्रवाशांचे हाल"
"तीन महिने पगार थकल्याने बसचालक संपावर"

दोन्ही एकाच दिवशी, एकाच संपाबद्दल खरी असू शकतात. पहिल्यात संप हीच समस्या आहे, म्हणून उपाय उघड आहे: संप मिटवा. दुसऱ्यात समस्या थकलेला पगार आहे, म्हणून उपाय वेगळा: पगार द्या. पहिलं शीर्षक वाचणाऱ्याच्या मनात चालकांबद्दल राग येतो, दुसरं वाचणाऱ्याच्या मनात व्यवस्थापनाबद्दल. कोणीही कोणाला एक शब्द वाईट म्हटलेला नाही.

## करणारा कुठे गेला?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा, कारण सगळ्यात जास्त सापडतं ते इथेच.

हातून कप पडला की लहान मूल "मी कप फोडला" म्हणत नाही, "कप फुटला" म्हणतं. मराठीत अशा जोड्या भरपूर आहेत: फुटणं-फोडणं, जळणं-जाळणं, तुटणं-तोडणं, मरणं-मारणं. जोडीतल्या पहिल्या क्रियापदाला करणाऱ्याची गरजच नसते. "बस जळाल्या", "काचा फुटल्या", "दोघांचा मृत्यू झाला" ही वाक्यं व्याकरणाच्या दृष्टीने पूर्ण आहेत, त्यामुळे काही गाळलंय हे वाचताना जाणवतही नाही.

अडचण तेव्हा होते, जेव्हा एकाच बातमीत एका बाजूला करणारा मिळतो आणि दुसऱ्या बाजूला मिळत नाही. हे वाक्य घ्या: "आंदोलकांनी पोलिसांवर दगडफेक केली, त्यानंतर झालेल्या गोळीबारात दोघांचा मृत्यू झाला." दगड कोणी मारले ते कळलं. गोळी कोणी झाडली ते वाक्यात कुठेच नाही. शिवाय "त्यानंतर" या शब्दाने काळाचा क्रम सांगता सांगता कारणही सुचवलं: दगडफेक झाली, म्हणून गोळीबार झाला. आता उलट प्रकार: "पोलिसांनी निदर्शकांवर गोळीबार केला, तणाव वाढल्यानंतर काही वाहने जळाली." इथे गोळीबाराला करणारा आहे, आगीला नाही. कल कोणत्याही दिशेने असू शकतो. त्याचं यंत्र एकच.

या यंत्राचं अभ्यासकांना परिचित असलेलं उदाहरण जून 1975 चं आहे. तेव्हाच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, सॅलिसबरी शहरात पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडल्या आणि 11 आफ्रिकी लोक मारले गेले. दुसऱ्या दिवशी लंडनच्या 'द टाइम्स'च्या शीर्षकाचा आशय होता: एएनसीच्या (आफ्रिकन नॅशनल कौन्सिल या तिथल्या कृष्णवर्णीयांच्या राजकीय संघटनेच्या) नेत्यांची बैठक चालू असताना दंगल करणारे कृष्णवर्णीय पोलिसांच्या गोळ्यांना बळी. 'द गार्डियन'च्या शीर्षकाचा आशय: सॅलिसबरीच्या दंगलीत पोलिसांनी 11 जणांना गोळ्या घालून मारलं. टोनी ट्र्यू या अभ्यासकाने ही शीर्षकं शेजारी ठेवून तपासली. टाइम्समध्ये वाक्याची सुरुवात मेलेल्यांपासून होते, तीही "दंगल करणारे" या ओळखीने, आणि पोलीस नंतर येतात. गार्डियनमध्ये सुरुवातच पोलिसांपासून होते. मला मात्र यातली आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते: "दंगल" हा शब्द दोघांनीही घेतला. दोन वृत्तपत्रांत फरक दिसला, म्हणजे त्यातलं एक निष्पक्ष असेलच असं नाही.

पुढची पायरी म्हणजे क्रियापदाचं नाम करणं. "पोलिसांनी 11 जणांना मारलं" याचं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी "जीवितहानी" होतं, "दुर्दैवी घटना" होतं, मग नुसता "प्रकार" होतो. नाम झालं की करणारा, ज्याच्यावर केलं तो आणि वेळ, तिन्ही गळून पडतात. एखाद्या मोठ्या घटनेच्या पाठोपाठच्या चार दिवसांच्या बातम्या ओळीने वाचल्या, तर ही झीज डोळ्यांसमोर होताना दिसते.

इथे एक खबरदारी घ्यायला हवी. इंग्रजी पत्रकारितेच्या पुस्तकांतून "कर्मणी प्रयोग दिसला की संशय घ्या" असा सल्ला येतो. तो मराठीला जसाच्या तसा लागू पडत नाही. "पोलिसांनी गोळीबार केला" हे मराठी व्याकरणात कर्मणीच आहे, कारण क्रियापद कर्माप्रमाणे चालतं. तरी करणारा ठळकपणे समोर आहे. उलट "जमाव भडकला" हा कर्तरी प्रयोग, पण कोणी भडकावलं ते त्यात नाही. म्हणून प्रयोग ओळखत बसू नये. "हे कोणी केलं?" असा प्रश्न प्रत्येक क्रियापदाला विचारावा आणि उत्तर त्या वाक्यात किंवा शेजारच्या वाक्यात आहे का, ते पाहावं.

करणारा गाळणं प्रत्येक वेळी लबाडी नसते, हेही सांगायला हवं. पहिल्या काही तासांत गोळी कोणी झाडली हे वार्ताहराला खरंच माहीत नसतं. अशा वेळी "गोळीबार झाला" हेच प्रामाणिक वाक्य आहे. खरी परीक्षा तिसऱ्या दिवशी होते: माहिती मिळाल्यावर करणारा वाक्यात परत आला का?

## म्हणाले, दावा केला, कबूल केलं

कोणाचं विधान छापताना जे क्रियापद लावलं जातं, त्यात वृत्तपत्राचा निकाल दडलेला असतो. "म्हणाले" तटस्थ आहे. "दावा केला" म्हणजे आम्हाला खात्री नाही. "स्पष्ट केलं" किंवा "निदर्शनास आणून दिलं" म्हणजे ते बोलले ते खरंच आहे. "कबूल केलं" म्हणजे आधी काहीतरी लपवलं होतं. "सारवासारव केली" म्हणजे चूक झालीच होती. "आगपाखड केली", "थयथयाट केला" म्हणजे मुद्दा नाही, नुसता राग आहे; आणि तेच भाषण "घणाघात" किंवा "टीकास्त्र" ठरलं की वक्ता शूर दिसतो.

तपासायची पद्धत सोपी आहे. बातमीतलं असं प्रत्येक क्रियापद खोडून तिथे "म्हणाले" घाला आणि वाक्य पुन्हा वाचा. अर्थात काही उणं झालं नाही, पण वक्त्याबद्दलची भावना बदलली, तर ती भावना क्रियापदाने पेरली होती. मग पाहा, सत्ताधाऱ्यांचा प्रवक्ता नेहमी "स्पष्ट करतो" आणि विरोधी पक्षाचा नेहमी "आरोप करतो", की उलट, की दोघांना दोन्ही मिळतं. आरोप खरोखरच केला असेल, तर "आरोप केला" लिहिणं योग्यच आहे. प्रश्न समान वागणुकीचा आहे.

मराठीत याच्या जोडीला आदरार्थी बहुवचन आहे, आणि त्याकडे फार कमी लक्ष जातं. आरोप झालेला मोठा नेता असेल, तर "ते अद्याप चौकशीसाठी हजर झालेले नाहीत". साधा कार्यकर्ता असेल, तर "तो फरार आहे". गुन्हा तोच, कलम तेच, आणि दोघांवर अजून काहीही सिद्ध झालेलं नाही. एका पक्षाच्या नेत्याला अटकेनंतरही "त्यांना" आणि दुसऱ्या पक्षाच्या नेत्याला त्याच दिवसापासून "त्याला" असं दिसलं, तर ती नोंद करून ठेवण्यासारखी आहे. स्त्री नेत्यांबाबतही पाहावं: पुरुषांचा उल्लेख आडनावाने आणि स्त्रियांचा पहिल्या नावाने होतो का?

## लेबल कोणाला लागतं?

"आंदोलक", "निदर्शक", "जमाव", "हुल्लडबाज", "दंगलखोर" हे पाच शब्द एकाच गर्दीला लावता येतात. "सुधारणा" आणि "कपात" एकाच निर्णयाला. अशा शब्दांवरून इतके वाद होतात, की मोठ्या वृत्तसंस्थांनी त्यांचे लेखी नियम केले आहेत. रॉयटर्स "दहशतवादी" हा शब्द कोणाच्या तरी तोंडी असल्याशिवाय, म्हणजे स्वतःच्या वर्णनात, वापरणं टाळते. असोसिएटेड प्रेसने एप्रिल 2013 मध्ये ठरवलं की "बेकायदा" हे विशेषण कृतीला लावायचं, माणसाला नाही. बेकायदा प्रवेश म्हणता येईल, बेकायदा स्थलांतरित नाही. हे नियम सगळ्यांना पटतात असं नाही, आणि टीकाकार त्यांनाही कलच म्हणतात. पण नियम लेखी असला की तो दोन्ही बाजूंना सारखा लावला का, हे निदान तपासता येतं.

लेबलचा सूक्ष्म प्रकार म्हणजे ते एकाच बाजूला लावणं. एका तज्ज्ञाची ओळख "डाव्या विचारांचे अर्थतज्ज्ञ" आणि दुसऱ्याची नुसती "अर्थतज्ज्ञ", जरी दुसरे एखाद्या पक्षाचे सल्लागार असले तरी. लेबल नसलेला माणूस वाचकाला आपोआप तटस्थ वाटतो. "तथाकथित" आणि अवतरणचिन्हं हीच कामगिरी करतात: शहीद आणि 'शहीद' यांत दोन चिन्हांचाच फरक आहे.

## शब्द बदलून खरंच इतका फरक पडतो?

हा आक्षेप योग्य आहे, आणि त्याचं उत्तर मोजलेलं आहे. 1974 मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी 45 विद्यार्थ्यांना मोटार-अपघातांच्या चित्रफिती दाखवल्या आणि गाड्यांचा वेग विचारला. प्रश्नातलं फक्त क्रियापद गटागटाने बदललं. गाड्या एकमेकींवर "आदळून चुराडा झाल्या तेव्हा" असं विचारल्यावर सरासरी अंदाज ताशी सुमारे 41 मैल आला. नुसत्या "स्पर्शल्या तेव्हा" असं विचारल्यावर सुमारे 32 मैल. दुसऱ्या प्रयोगात आठवडाभराने विचारलं, फुटलेली काच पाहिलीत का? चित्रफितीत काच फुटलेली नव्हती. जोरकस क्रियापद ऐकलेल्या 50 पैकी 16 जणांनी "हो" म्हटलं. साधं "धडकल्या" ऐकलेल्या 50 पैकी 7 जणांनी. या लोकांनी घटना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. वाचकाने तर ती पाहिलेलीही नसते.

## कोण बोलतं, कितव्या परिच्छेदात बोलतं

बातमी लिहिण्याची रूढ पद्धत उलट्या पिरॅमिडची: सर्वांत महत्त्वाचं इंट्रोत, म्हणजे पहिल्या परिच्छेदात, आणि मग उतरत्या क्रमाने बाकीचं. जागा कमी पडली की उपसंपादक खालून कापतो. त्यामुळे "दुसरी बाजू" आठव्या परिच्छेदात ठेवली असेल, तर ती बहुतेकांच्या वाचनात येत नाही, आणि पान भरलं तर छापूनही येत नाही. म्हणून बाजू दिली की नाही यापेक्षा ती कितवी दिली हे मोजावं. कोण थेट शब्दांत बोलतं आणि कोणाचं म्हणणं वार्ताहर आपल्या शब्दांत गुंडाळतो, हेही पाहावं. ज्यांच्यावर निर्णयाचा परिणाम होणार आहे ती माणसं अख्ख्या बातमीत एकदाही बोलत नाहीत, असं कितीदा तरी आढळतं. याचं एक कारण अगदी व्यावहारिक आहे: डेडलाइनच्या आत फोन उचलणारा माणूस म्हणजे सहसा सरकारी किंवा पक्षाचा प्रवक्ता.

फोटोंचं गणित वेगळं. लांबून टेलिफोटो लेन्सने घेतलेल्या फोटोत माणसांमधलं अंतर आक्रसतं आणि विरळ गर्दी दाट दिसते. वरून, रुंद लेन्सने घेतलं की तीच गर्दी मैदानात विखुरलेली दिसते. सभेच्या गर्दीचे आकडे आयोजकांचे एक आणि पोलिसांचे एक असतात. तेव्हा ढोबळ ताळा स्वतः करता येतो. अमेरिकी पत्रकार-प्राध्यापक हर्बर्ट जेकब्स यांनी 1960 च्या दशकात रूढ केलेलं सूत्र असं: सैल गर्दीत माणशी सुमारे 10 चौरस फूट, दाट गर्दीत सुमारे साडेचार. म्हणजे 1 लाख चौरस फुटांचं मैदान पूर्ण भरलं, तरी सैल गर्दीत 10 हजार आणि दाट गर्दीत 22 हजारांच्या आसपास माणसं. त्याच मैदानावर दोन लाख लोक होते असं छापलं असेल, तर आकडा कोणीतरी पुरवला आहे आणि वृत्तपत्राने तो ताडून पाहिलेला नाही.

टक्केवारीबाबत एवढंच: बेरोजगारी 4 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर गेली, तर "एका टक्क्याची किरकोळ वाढ" आणि "25 टक्क्यांची उसळी" ही दोन्ही शीर्षकं त्याच आकड्यांतून निघतात. मूळचे दोन्ही आकडे शीर्षकात किंवा इंट्रोत आहेत का, एवढं बघावं.

आणि जे छापलंच नाही त्याचं काय? 1968 च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत मॅक्सवेल मॅकोम्ब्स आणि डोनाल्ड शॉ यांनी चॅपल हिल इथल्या 100 अनिश्चित मतदारांना महत्त्वाचे प्रश्न कोणते ते विचारलं. माध्यमांनी ज्या प्रश्नांना जास्त जागा दिली होती, जवळपास तेच प्रश्न त्याच क्रमाने मतदारांना महत्त्वाचे वाटत होते. काय मत बनवावं हे वृत्तपत्र ठरवू शकत नसलं, तरी कशावर मत बनवावं हे बऱ्याच अंशी ठरवतं. गाळलेली बातमी एका वृत्तपत्रात दिसत नाही. शेजारी दुसरं ठेवल्यावरच दिसते.

## "दोन्ही बाजूंना सारखी जागा दिली की झालं ना?"

नेहमी नाही. मॅक्सवेल आणि ज्यूल्स बॉयकॉफ यांनी 2004 मध्ये अमेरिकेतल्या चार प्रतिष्ठित वृत्तपत्रांतल्या 1988 ते 2002 या काळातल्या हवामानबदलाच्या 636 बातम्या तपासल्या. निम्म्याहून जास्त बातम्यांत "माणसामुळे तापमान वाढतं" आणि "निसर्गतः वाढतं" या दोन्ही मतांना सारखं वजन दिलेलं होतं. शास्त्रज्ञांमध्ये तशी विभागणी नव्हतीच. धोरणावर मतभेद असतील, तर दोन्ही बाजू हव्यात. पण पुराव्याने मिटलेल्या गोष्टीत दोन खुर्च्या मांडणं म्हणजे वाचकाची दिशाभूलच. तिथे दोन विधानं जुळवून थांबायचं नसतं. खरं काय ते तपासायचं असतं, आणि ते काम वार्ताहराचं आहे.

## "हे सगळं मालकच करवून घेतो"

काही ठिकाणी घेतोही. पण सगळं त्यावर ढकललं की तपास थांबतो. शीर्षक बहुतेक वेळा वार्ताहर देत नाही, डेस्कवरचा उपसंपादक देतो, तेही ठरलेल्या कॉलमच्या रुंदीत. "पोलिसांनी" हा शब्द केवळ जागेअभावी गळू शकतो. म्हणूनच शीर्षकात करणारा नसेल, तर इंट्रो पाहायचा. तिथे जागेची सबब चालत नाही.

मॅथ्यू जेंट्झकोव आणि जेसी शॅपिरो या अर्थशास्त्रज्ञांनी 2010 मध्ये वेगळ्या वाटेने पाहिलं. अमेरिकी काँग्रेसमध्ये वारसा-संपत्तीवरच्या एकाच कराला रिपब्लिकन सदस्य "मृत्यूकर" म्हणायचे आणि डेमोक्रॅट "संपत्तीकर". असे पक्षनिहाय शब्दप्रयोग गोळा करून ते कोणत्या दैनिकात किती येतात, ते त्यांनी मोजलं. तिथल्या दैनिकांच्या भाषेचा कल मालकाच्या ओळखीपेक्षा त्या भागातल्या वाचकांच्या राजकीय ओढीशी जास्त जुळला. वाचकाला जी भाषा गोड लागते, ती विकली जाते.

## स्वतः तपासायचं असेल तर

एक वादग्रस्त विषय निवडा आणि त्यावरच्या दोन वृत्तपत्रांच्या किमान दहा-दहा बातम्या घ्या. फक्त बातमीची पानं, अग्रलेख नकोत. वृत्तसंस्थेची बातमी असेल तर बाजूला ठेवा, कारण तो मजकूर दोन्हीकडे तोच असतो. फक्त तिचं शीर्षक मात्र जरूर ताडा, ते बहुतेक वेळा स्थानिक डेस्कचं असतं.

मग प्रत्येक बातमीत या नोंदी करा: हिंसेच्या किंवा नुकसानीच्या प्रत्येक क्रियापदाला करणारा आहे का, प्रत्येक बाजूच्या विधानाला कोणतं क्रियापद, प्रत्येक बाजू पहिल्यांदा कितव्या परिच्छेदात बोलते, लेबल कोणाला, आदरार्थी कोणाला. शेवटी पक्षांची किंवा गटांची नावं मनातल्या मनात अदलाबदल करून शीर्षक पुन्हा वाचा. अदलाबदलीनंतर ते विचित्र वाटलं, हे वृत्तपत्र असं कधीच छापणार नाही असं वाटलं, तर त्या शीर्षकावर खूण करा आणि तशी उलटी घटना खरोखर घडली तेव्हा त्यांनी काय छापलं होतं, ते जुन्या अंकांत शोधा. वाटण्याला पुराव्याची जोड तिथेच मिळते. एखाद्या शीर्षकावरून निकाल देऊ नका. दहापैकी सात-आठ वेळा पारडं एकाच बाजूला झुकलं, तर बोलण्यासारखं काही हाती आहे.

यात सर्वांत मोठा अडथळा मोजणाऱ्याचाच असतो. 1982 मध्ये बैरूतमधल्या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या छावण्यांत झालेल्या हत्याकांडाच्या टीव्हीवरच्या बातम्या स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इस्रायलसमर्थक आणि अरबसमर्थक विद्यार्थ्यांना दाखवल्या. निष्कर्ष 1985 मध्ये प्रसिद्ध झाले. बातम्या त्याच होत्या, आणि दोन्ही गटांनी ठामपणे सांगितलं की त्या आपल्याविरुद्ध कललेल्या आहेत. म्हणून नोंदींचा तक्ता भरताना दोन माणसं असावीत, शक्यतो वेगवेगळ्या पक्षांना मत देणारी. दोघांनी एकमेकांचा तक्ता न बघता भरावा, आणि जिथे दोघांच्या नोंदी जुळतात तेवढ्याच धराव्यात. जिथे जुळत नाहीत ती वाक्यं पुन्हा वाचायला घ्यावीत, आणि सुरुवात आपल्याला आवडणाऱ्या वृत्तपत्रापासून करावी.